वाऱ्याची वाट

“हे कोनं कापलं?”

तेजस्विनीने विचारलं तेव्हा मंडपवाल्याची माणसं स्टेजला झालर ठोकत होती. स्टेजच्या दोन्ही बाजूंना, खांबांच्या मधे फुलीसारख्या बसवलेल्या लोखंडी पट्ट्या नव्हत्या. खांबांवर गॅसकटरने कापलेले खुंट तेवढे उरले होते, आणि फुल्यांच्या जागी भिंतीचा पत्रा फाडून दोन मोठे कूलर बसवले होते.

पवनीतल्या समाजाचं हे सभागृह मागच्या वर्षी उभं राहिलं. डिझाइन तेजस्विनीचं. ती इथल्याच विणकर घरातली. नागपूरला शिकली आणि आता भंडाऱ्यात लोखंडी बांधकामांची डिझाइनं करायची. दुसऱ्या दिवशी, गोरज मुहूर्तावर, तिच्या धाकट्या बहिणीचं, रंजिताचं, लग्न याच छताखाली लागणार होतं.

तिने फॅब्रिकेशनवाल्या टिकारामला बोलावून घेतलं. तो आला, वर पाहिलं आणि खाली मान घातली. कमिटीने सांगितलं म्हणून कापलं, म्हणाला. कमिटीत कोणी सांगितलं, हे तिने विचारलं.

“तुमच्याच बाबूजीनं, ताई.”

तिचे वडील लक्ष्मणराव घरासमोर पाहुण्यांच्या खाटा टाकून घेत होते. समाजाचे अध्यक्ष सेवकराम तिथेच चहा पीत बसले होते. तेजस्विनीने सगळ्यांसमोर विचारलं. वडिलांनी आधी हसून टाळलं. मग म्हणाले, वैशाखाचं ऊन, वरात भंडाऱ्याची, कूलरशिवाय लोक बसतील का? खांब तर जागेवर आहेत, छत पेलणाऱ्या वरच्या कैच्याही जागेवर आहेत, मधल्या दोन फुल्या निघाल्या तर काय बिघडलं?

तिने सांगितलं. खांब छताचं वजन घेतात, ते सरळ खाली जातं. पण वारा आडवा येतो. त्यालाही जमिनीपर्यंत जायला वाट लागते, आणि या हॉलच्या लांबीच्या दिशेने ती वाट त्या फुल्यांमधूनच होती. दुसरी नव्हती. आता हॉल पत्र्याच्या आणि नशिबाच्या भरवशावर उभा होता.

सेवकरामांनी कप खाली ठेवला. “तुमी इंजिनेर लोक भेवून भेवून दुप्पट लोखंड टाकता पोरी. त्यातले दोन तुकडे कमी झाले, एवढंच ना?”

“जास्तीचं लोखंड तुमाले कापायसाठी नाई टाकलं, काका. आपल्याले जे माहीत नाई, त्याच्यासाठी टाकलं.”

आवाज चढला होता, तिलाही कळत होतं. कितीतरी वर्षं ती हे ऐकत आली होती. गोदामाचा मालक म्हणायचा, बाई घाबरट आहे; ठेकेदार म्हणायचा, कागदावर गरजेपेक्षा जास्त लोखंड लिहिते. त्यांना ती हसून उत्तर द्यायची. आज हसू येईना. त्या फुल्या तिच्या बापाने कापल्या होत्या. तिला एक फोन करावा, असं त्याला वाटलं नव्हतं.

लग्न आत होणार नाही, असं तिने सांगितलं. घरात आकांत झाला. सेवकरामकाकांनी तिला घमेंडखोर म्हटलं. टिकारामला तिने पट्ट्या परत जोडायला लावल्या असत्या, पण जुन्या भंगारात गेल्या होत्या आणि नव्यांसाठी लोखंडी अँगल भंडाऱ्याहून यायला लग्न उलटून जाणार होतं. शेवटी हळद लागलेली रंजिता बाहेर आली. लग्न माझं आहे, म्हणाली, हॉलशेजारच्या मैदानात कापडी मांडव घाला.

तेजस्विनीने कूलरही बाहेर काढून ती भगदाडं पत्र्याने बंद करायला लावली, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. लक्ष्मणराव त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. तेवढ्यात पश्चिमेकडचं आभाळ काळंनिळं झालं. वैनगंगेकडून धुळीचा लोट आला. मांडवाचं कापड फुगलं, फाटलं, बांबू आडवे झाले. पत्रावळी उडाल्या. मग गारा सुरू झाल्या, आणि सगळं वऱ्हाड, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, समोर दिसणाऱ्या एकमेव छताकडे धावलं.

तेजस्विनी त्यांच्या आधी शटरपाशी पोचली होती.

तिने पाठ शटरला लावली. आतून आवाज येत होता. पत्रे धडधडत होते, आणि त्याखाली दुसरा एक आवाज होता, लोखंडावर लोखंड घासल्याचा, लांब, कण्हल्यासारखा. तो तिच्या पाठीला जाणवत होता. ती ओरडून सांगत होती की मैदानापलीकडे शाळेचा व्हरांडा आहे, पक्क्या स्लॅबचा आहे, तिकडे पळा. काही पळाले. बाकीचे शटरवर धडकत राहिले.

नवरदेवाच्या एका काकाने तिचा हात पिरगाळला. चावी शोधताना तिच्या साडीची निरी सुटली. कोणीतरी शिवी दिली, बाईच्या जातीवरून. गारा डोक्यावर बसत होत्या. तिने निरी एका मुठीत धरली, चावी दुसऱ्या मुठीत, आणि हलली नाही. रडूही आलं नाही; इतका राग होता.

गर्दीतून लक्ष्मणराव आले. फेटा नव्हता, कपाळावर रक्त होतं. आता हेही चावी मागणार, असं तिला वाटलं. मागितली तर बापाला ढकलून द्यायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

त्यांनी काही मागितलं नाही. ते वळले, तिच्याकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले.

“आतल्या पट्ट्या म्या कापायले लावल्या,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी पुढच्यांनी ऐकला. “हिनं नाई म्हटलं होतं. हे छत आता उभं राहते का नाई, मले माहीत नाई. लेकरं घेऊन शाळेत चला.”

त्यांनी समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल घेतलं आणि गारांमध्ये चालू लागले. मग बाकीचे निघाले.

वादळ फार वेळ टिकलं नाही. हॉल पडला नाही.

सकाळी लोक पाहायला आले तेव्हा खांब नदीच्या उलट्या दिशेला झुकले होते, हातभर तरी. वरचे कितीतरी बोल्ट वाकले होते, एका कोपऱ्यातले पत्रे उडून गेले होते. लोखंड असंच असतं, तुटण्याआधी वाकून सांगतं. पण पाहणाऱ्यांना वाकलेलं दिसलं नाही, उभं असलेलं दिसलं. पडला कुठं, सेवकराम म्हणाले, आणि ते पवनीभर झालं. तेजस्विनीने लग्नाचा विचका केला. लोकांना गारांत उभं केलं. आतले लोक वाचले, असं कोणी म्हणत नव्हतं, कारण आत कोणी नव्हतंच.

तिने कोणाला समजावलं नाही. नवे अँगल आणवले, टिकारामकडून खांब साखळ्यांनी ओढून सरळ करून घेतले, वाकलेले बोल्ट काढून टाकले, फुल्या पुन्हा बसवल्या. लक्ष्मणराव रोज उन्हात खाली उभे राहत. एकदा त्यांनी विचारलं की ही पट्टी दाबली जाते की ताणली जाते. ती म्हणाली, ताणली जाते. बारीक लोखंड ओढ सहन करतं, दाबलं की वाकतं. म्हणून फुली असते, वारा कुठूनही आला तरी एक पट्टी ओढ घेते. त्यांनी मान हलवली. त्यापलीकडे बापलेकीत बोलणं झालं नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि त्यांनीही तो जावा म्हणून काही केलं नाही.

भंडाऱ्याला परतण्याआधी ती कलाबाईंकडे गेली. कलाबाई तिची आत्या; आई गेल्यावर दोघी बहिणींना तिनेच वाढवलं होतं. वादळात शाळेकडे पळताना आत्या चिखलात पडली होती. उजवं मनगट मोडलं होतं. त्याच हाताने ती पडेपर्यंत मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर होता. तेजस्विनीने कसं आहे म्हणून विचारलं.

“दुसऱ्या कोनावर नाई पडला तुहा हॉल,” आत्या म्हणाली. “माह्या हातावर तं पडलाच ना.”

तेजस्विनीजवळ उत्तर होतं. वाऱ्याचं, खांबांचं, बोल्टांचं, सगळं पाठ होतं. तिने ते तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. बाहेर कोणाचा तरी माग खटखटत होता.

मग आत्याने डाव्या हाताने कोनाड्यातली फणी काढली आणि तिच्याकडे न पाहता पुढे केली. केस कितीतरी दिवसांत विंचरलेले नव्हते. तेजस्विनी तिच्या मागे जाऊन बसली आणि खालच्या टोकापासून गुंता सोडवू लागली.