नाही म्हणायचा भाव

“भाऊ, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

पंचशीलाताईंनी कागद टेबलावर फिरवून हरिओमच्या पुढ्यात सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बीडच्या कोर्टात त्यांची वकिली चांगली चालायची, आणि वडवणीच्या शाळेत त्या हरिओमच्या मागच्या वर्गात होत्या, म्हणून तो त्यांच्याकडे आला होता. बोटाखालची ओळ त्याच्याच मेलमधली होती : पंचवीस लाख द्या, नाव घेऊन जा.

“लिवलं मीच,” हरिओम म्हणाला. “पर ती किंमत नव्हती, ताई.”

“मग काय होतं?”

“न्हाई म्हनलतो.”

आता हे कोणाला आणि कसं पटवायचं? हरिओमचा बाप, हरिबा, जन्मभर शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात उभा राहिला. त्याचा एक नेम होता. दारी आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, लक्ष्मी रुसते. जे जनावर विकायचंच नाही त्याचा असा भाव सांगायचा की समोरच्याने हसत उठावं. एकदा एका काळ्या बोकडाचे त्याने म्हशीएवढे पैसे मागितले. गिऱ्हाईक हसलं, हरिबाही हसला, दोघांनी चहा घेतला आणि बोकड घरी परत आला. वडवणीच्या बाजारात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्याच्या कंपनीला कळलं नाही, त्याला कोण काय करणार!

वडवणीच्या स्टँडजवळ हरिओमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. त्याला जोडधंदा होता तो इंटरनेटवरच्या नावांचा. वर्षाला सात-आठशे रुपये भरून एखादं नाव आपल्याकडे नोंदवून ठेवायचं, आणि त्या नावाची वेबसाइट ज्याला हवी असेल त्याला ते विकायचं. डोमेन म्हणतात त्याला. एक डोमेन परळीच्या डॉक्टरने पंधरा हजाराला घेतलं, त्यातच झेरॉक्सचं मशीन आलं. लोक म्हणायचे, धनगराचं पोरगं हवा विकतंय. म्हणोत बापडे.

पण ‘साखराबाई डॉट इन’ विकायला नव्हतं. साखराबाई म्हणजे त्याची आई. घोंगड्यांसाठी लोकरीचं सूत काततानाचा तिचा एक फोटो, खाली फोन नंबर आणि ‘दुकान लवकरच सुरू’ एवढंच त्या पानावर होतं. ते ‘लवकरच’ पाच वर्षं चाललं. तेवढ्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सूत सुटलं. तरी आठवडी बाजारात भेटेल त्या बाईला ती सांगायची, “माजं दुकान मोबाईलमदी हाय.”

मग कंपनीच्या अंजली मॅडमची गोड मेल आली, तुमचं डोमेन आवडलं, किंमत सांगाल का? हरिओमने बापाच्या नेमाने किंमत सांगितली. पंधरा दिवसांनी नोटीस आली. ‘साखराबाई’ हा आमच्या गुळाच्या बिस्किटांचा दहा वर्षांपासूनचा ट्रेडमार्क आहे आणि तुम्ही पैसे उकळायला ते नाव अडकवून ठेवलं आहे.

“ट्रेडमार्क आधी तपासला नव्हता?” पंचशीलाताईंनी विचारलं.

“आईचं नाव ठिवताना सरकारी रजिस्टर कुनी बघतंय का, ताई?”

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “हे बघा, आईचं नाव आहे हे आपण दाखवू. आधार कार्ड जोडू. मी फी घेणार नाही. पण ते ही ओळ पुढं करतील. मग तुमच्याकडची बाकीची अकरा नावं काढतील, परळीचा सौदा काढतील. डोमेनचे तंटे सोडवणारा लवाद म्हणेल, याचा तर धंदाच हा.”

“आन हारलो तर?”

“नाव जाईलच. वर निकाल इंटरनेटवर चढेल. पुढं कुणी साखराबाई शोधलं की खाली तुमचं नाव. वाईट हेतूनं बळकावलं म्हणून.”

हरिओमने कागदाची घडी घातली. लढावं तर आईच्याच नावाखाली चोर ठरायचं, न लढावं तर आईचं नाव सोडायचं. बाप तर भाव तोंडानेही बोलत नसे, रुमालाखाली बोटं धरायचा. शहाणा होता बाप. आपणच दीडशहाणे, लिहून बसलो.

कोर्टाच्या पायऱ्यांवरून त्याने अंजली मॅडमना फोन लावला.

“सर, सात दिवसांत डोमेन आमच्या नावावर करा, आम्ही तक्रार करणार नाही. पैसे मात्र काही देता येणार नाहीत.”

“पैशे नकोत, मॅडम. आईचा फोटो तेवढा कोपऱ्यात ऱ्हाऊ द्या. बारका.”

अंजली मॅडमचा आवाज खाली आला. “ते आमच्या ब्रँडमध्ये बसत नाही, सर. सॉरी.” आवाजावरून बाई वाईट नव्हती, हेच हरिओमला जास्त लागलं. भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच्याच दुकानात बसून नाव सोडून दिलं. चार बटणांचं काम, पण त्याला सकाळची दुपार झाली.

बाजाराच्या दिवशी साखराबाई शेजारच्या भिवराबाईला घेऊन दुकानात आली.

“हऱ्या, हिला माजं दुकान दाव.”

“नेट न्हाई, माय.”

“माज्या फोनला हाय की!” भिवराबाईने मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला आणि हाळी दिल्यासारखं ओरडली, “साखराबाईचं दुकान!”

पान उघडलं. हिरव्या नऊवारीतली, गोरीपान, नथ घातलेली एक चित्रातली म्हातारी हातात बिस्किटांचं ताट घेऊन हसत होती. भिवराबाईने चित्राकडे बघितलं, मग हरिओमच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. साखराबाईने मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि डोळ्यांना भिडवला.

“ही मी हाय व्हय?”

हरिओमने मान डोलावली. “व्हय, माय.”

“नत कवा घातली रं मी?” नाकाच्या रिकाम्या भोकावर बोट फिरवत ती लाजून हसली. “आन लई गोरी केलीस. माजं सूत कुटं हाय? घोंगड्या कुटं गेल्या?”

“इकल्या, माय. समद्या इकल्या.”

“काय भावानं?”

हरिओमला भाव सुचेना. जन्मभर भाव करणाऱ्याच्या पोराला एक आकडा सापडेना.

“लई आला,” तो म्हणाला.

“तुज्या बापाला सांगाया पायजे व्हतं,” साखराबाई म्हणाली. तिला चित्र नीट दिसत नव्हतं. तिने पदराने मोबाईलची काच पुसली, पुन्हा डोळ्यांजवळ धरली, आणि पुन्हा पुसली.