डावीकडे वळलेलं हँडल

आमोदने महाडच्या डीलरकडून जुनी मोटरसायकल घेतली. पोलादपूरला घरी येताना त्याच्या लक्षात आलं, गाडी सरळ चालली तरी हँडल डावीकडे वळलेलंच राहतं. परत नेल्यावर डीलर खुर्चीतूनच म्हणाला, "तुम्हीच कुठेतरी आपटली असणार. चेसिस वाकलीय."

आमोद खचून घरी आला.

"त्याने गाडीला हात तरी लावला का?" बायकोने, इरावतीने, विचारलं. तिने मागून वाकून पाहिलं. दोन्ही चाकं एका रेषेत होती, म्हणजे चेसिस, गाडीचा सांगाडा, ठीक होती; फक्त हँडल चाकाशी तिरकं झालं होतं.

आमोदने पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे फोर्कचे, बोल्ट सैल केले. इरावतीने पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरलं आणि त्याने जोर लावून हँडल फिरवलं. ते जागेवर आलं. बोल्ट आवळून तो उमरठपर्यंत चक्कर मारून आला.

"अगदी सरळ!" तो लांबूनच ओरडला. इरावती हसत पायरीवर बसली.