दोघींचा धवला

लग्नात धवले गाणारी म्हणून ठमीचं नाव अलिबागच्या आसपास साऱ्या आगरी गावांत होतं. तिचा आवाज वेशीपलीकडे ऐकू जायचा, आणि हे सांगायला तीच सगळ्यांच्या पुढे असायची. दोन वर्षांपूर्वी तापात गळा बसला, तो बसलाच. तोरा मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

चौतीस सालच्या त्या रविवारी तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिचा हिरामण अलिबागच्या वाचनालयात एकट्याने फिडल वाजवणार होता. एरवी तो नाटक कंपनीत गायकामागे बसायचा. "गायक नसेल तर लोक उठून जातील," असं वाचनालयाच्या चिटणिसांनी आधीच बजावलं होतं. तसं झालं तर पोराला जन्मभर दुसऱ्याच्या मागेच बसावं लागणार, हे ठमी जाणून होती. म्हणून ती दारातच ठाण मांडून बसली. उठून जाणाऱ्याला तिला ओलांडूनच जावं लागलं असतं. शेजारी सखुबाई होती. लग्नघरी ठमीने ओळ म्हणायची आणि सखुबाईने ती झेलायची, यात दोघींची उमर गेली होती.

हिरामणने आधी जुन्या दरबारांतलं धृपद वाजवलं, मग ख्याल, मग आजोबांच्या काळातलं नाट्यपद, मग हल्लीच्या रेकॉर्डवरची एक चाल. वकील मंडळी माना डोलवू लागली. दाराकडे कुणी फिरकलं नाही.

"आता या सगळ्याच्या आधीचं," हिरामण म्हणाला. "आमच्या आगरातलं."

बारीक तारेवर धवल्याची ओळ उमटली आणि ठमीच्या अंगावर काटा आला. शेवटचा शब्द वर फेकायची तिची लकब, तिचाच गेलेला गळा. ओळ संपली, फिडल थांबलं. सवयीने सखुबाईने तोंड उघडलं. ठमीने तिच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

"गप ऱ्हा. त्याचा एकट्याचा हाय."

मंडळी वाट पाहत राहिली. मग जाड तारेवरून उत्तर आलं, सखुबाईच्या भरदार, घोगऱ्या आवाजात.

"ही मी," सखुबाई पुटपुटली.

"आन आदी बोलली ती मी." ठमीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही. बघू देत लोकांना, तिला अभिमान वाटत होता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. चिटणीस दारापाशी आले आणि हसून म्हणाले, "गायक नसूनही मैफल रंगली हो, बाई."

ठमीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"न्हवता कसा? दोघी व्हत्या."