पौषातला समुद्र

मी ट्रायपॉड बोलतोय. तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मला शोधत बसू नका, सापडणार नाही. ज्याच्या जिवावर कॅमेरा स्थिर राहतो तो फोटोत कधी येत नाही, हे आमच्या नशिबातच लिहिलेलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे, आणि तीच सांगायला आज बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे, मला बसता कुठं येतं?

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो खोका. खोक्यावर समुद्राचं चित्र होतं. काळे खडक, त्यांवर फुटणारी लाट आणि गुडघाभर पाण्यात छाती काढून उभा असलेला माझाच एक भाऊबंद. आपलंही आयुष्य असंच जाणार, या खुशीत मी आलो. खोका उघडला तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरात होतो, पडेगावच्या रस्त्यावरच्या ‘संगम फोटो स्टुडिओ’त. तिथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडी हाकावी लागते.

स्टुडिओ दोघांचा होता. हळद, लग्न, बारसं, डोहाळजेवण ही कामं बन्सीभाऊंची. निकाह आणि त्यानंतरची वलीम्याची दावत फारूखभाईंकडं. बन्सीभाऊ मूळचे कन्नडकडचे, सरळ आणि चिकट स्वभावाचे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची टोपी वाकडी असली तरी बटण दाबायचे नाहीत. वऱ्हाडी वैतागायचे, जेवणाच्या पंगती खोळंबायच्या, पण भाऊ आपले हाताने खुणा करून माणसं सरकवत राहायचे. फारूखभाई त्यांच्या उलट. हसतखेळत काम उरकायचे आणि निघताना बिर्याणीचा डबाही घेऊन यायचे.

या दोघांनी मला घेतलं ते लग्नांसाठी नव्हे. लग्नाला हातातला कॅमेरा पुरतो, मी लागतो तो फार तर घोळक्याच्या फोटोला. मला घेतलं कोकणातल्या समुद्रासाठी. रत्नागिरीच्या खाली कुठंतरी काळ्या कातळाचा एक उभा किनारा आहे, त्याचा फोटो बन्सीभाऊंनी मोबाइलवर पाहिला आणि त्यांना वेडच लागलं. दगड आपल्याकडच्या डोंगरांसारखाच काळा आहे, ते म्हणायचे, आपल्याकडं फक्त पाणी द्यायचं राहून गेलंय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकीसुनांचे फोटो काढले, आता एक फोटो स्वतःसाठी काढायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. फारूखभाईंनी लहानपणी मुंबईत एकदा पाहिला होता, पण त्यात समुद्र कमी आणि माणसंच जास्त होती, असं ते सांगायचे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून दोघं चहा घेत बसायचे आणि बेत आखायचे. कुठल्या घाटातून उतरायचं, मुक्काम कुठं करायचा, सकाळचं ऊन खडकावर कुठल्या बाजूनं येईल. भरती-ओहोटीचं गणित फारूखभाईंना काही केल्या उमगेना. बन्सीभाऊंना मात्र लगेच कळलं. ते म्हणाले, ‘‘त्यात काय अवघड हाय? आपल्या नळासारखंच. पाण्याचा वार ठरलेला. आपण त्याच्या वेळेला हजर पाह्यजे, ते आपल्यासाठी थांबत नाय.’’

मला त्यांच्या या बैठकांचं भारी कौतुक वाटायचं. कोपऱ्यात उभा राहून मी सगळं ऐकायचो आणि मनातल्या मनात पाय ताणून घ्यायचो.

पण निघायचं कधी? इथंच घोडं अडायचं. बन्सीभाऊंना सवड मिळायची चातुर्मासात, लग्नं बंद असताना. तेव्हा समुद्र खवळलेला. खडकावर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू, मग भाऊंना श्वास घ्यायला फुरसत नाही. मधे उरतो तो पौष. पौषात आपल्याकडं लग्नं करत नाहीत, आणि तेव्हा समुद्रही शांत, आभाळही स्वच्छ. पण नेमक्या त्याच दिवसांत पोरांच्या नाताळच्या सुट्ट्या धरून फारूखभाईंकडं निकाहांची रांग लागायची. रमजानात निकाह नसतात म्हणून फारूखभाई मोकळे, तर भाऊ गळ्यापर्यंत कामात. एकट्यानं जायचं दोघांच्याही मनात आलं नाही. एकदा बरोबर जायचं ठरलं म्हणजे ठरलं. त्यामुळं दर वर्षी ठरायचं, ‘‘पुढच्या पौषात नक्की.’’

त्यांनी तालीम मात्र केली. हर्सूलच्या तलावावर सकाळी सकाळी मला घेऊन गेले, पाण्यात उभं केलं आणि बराच वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून फोटो घेतला. तसं केलं की हलणारं पाणी धुक्यासारखं मऊ दिसतं. तेवढ्यात एक म्हैस पाण्यात शिरली. फोटोत ती काळ्या धुरासारखी पसरली होती. फारूखभाई म्हणाले, समंदर तो नहीं आया, भैंस का भूत आ गया. बन्सीभाऊ हसता हसता काठावर खाली बसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सकाळ. इतका वेळ पाण्यात मी पुन्हा कधी उभा राहिलो नाही.

त्यानंतरच्या हंगामात कन्नडला एक लग्न होतं. अल्बम छापून गेला आणि नवरीच्या घरच्यांचा फोन आला. सगळ्या मोठ्या फोटोंमध्ये मामा अर्धाच आलाय. ज्या मामानं भाचीला मांडवात आणलं, त्याचा एक खांदा आणि एक कान. बन्सीभाऊंनी कपाळाला हात लावला. पुढच्या लग्नात आत्या कापली गेली, त्याच्या पुढच्यात नवऱ्याचा धाकटा भाऊ. टोपी वाकडी असली तर थांबणारा माणूस, आणि त्याच्याकडून अशी चूक? फारूखभाईंनी लोकांची समजूत काढली, संगणकावर जोडाजोड करून दिली, भाऊंना चकार शब्द बोलले नाहीत.

मला त्याआधीच शंका आली होती. भाऊ येता-जाता माझ्या पायाला अडखळत होते. रागानं म्हणायचे, हा ट्रायपॉड मधेमधे कडमडतो. आता मी काय स्वतःहून चालत जाणार आहे? मी होतो तिथंच होतो. त्यांना बाजूचं दिसेनासं झालं होतं.

शेवटी त्यांची मुलगी प्रेरणा त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. कडेकडेनं नजर जाते आणि मधलं तेवढं राहतं, मग तेही आकसत जातं. जे गेलं ते परत येत नाही, थेंब टाकून उरलेलं थोडं लांबवता येईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. प्रेरणानं हे सगळं स्टुडिओत येऊन फारूखभाईंना सांगितलं तेव्हा भाऊ शेजारीच बसले होते, कुणा दुसऱ्याबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं.

त्या वर्षी फारूखभाईंनी पौषातलं एकही काम घेतलं नाही. मेव्हणीच्या मुलीचा निकाहसुद्धा दुसऱ्याकडं दिला. त्यावरून त्यांची बायको, अनवरीभाभी, त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या. पण फारूखभाई हटले नाहीत. मुक्काम ठरला, गाडीची दुरुस्ती झाली. निघायच्या दिवशी सकाळी मला पुसूनपासून मागच्या सीटवर आडवं ठेवलं. माझ्या अंगाला त्या दिवशी हळदीचा वास नव्हता. मी इतका हरखलो होतो की काय सांगू!

बन्सीभाऊ आले, पण पिशवी न घेता आले. दारात उभे राहून म्हणाले, ‘‘फारूखभाई, डॉक्टरनं आता दुसरे थेंब दिलेत. जरा फरक पडू दे. एवढं लांब जायचं आन् अर्धंमुर्धं बघून यायचं, त्यात काय मतलब? नीट दिसायला लागलं की पुढच्या पौषात जाऊ.’’

प्रेरणा मागं उभी होती. फारूखभाई हातात किल्ली घेऊन उभे. पुढच्या पौषात याहून कमी दिसणार, हे तिघांनाही माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं, असं मला आजही वाटतं. पण दोस्ताच्या तोंडावर हे म्हणायचं कसं? आपल्याकडं असलं अभद्र कुणी बोलत नाही. बोललं की खरं होतं, अशी भीती असते. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, ढकला त्यांना गाडीत, हातपाय बांधून न्या. पण मला कोण विचारतो? फारूखभाई हळूच म्हणाले, ‘‘हौ, ठीक है. आराम से जाएंगे.’’ आणि त्यांनी मला गाडीतून बाहेर काढलं.

थेंबांनी फरक पडायचा नव्हताच. आखाडापर्यंत भाऊंनी कॅमेरा सोडला. दिवाळीत ते गल्ल्यापाशी बसून आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायला लागले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तरी संध्याकाळचा चहा चुकला नाही. भाऊ विचारायचे, आज तिकडं ओहोटी कधी हाय? फारूखभाई मोबाइलमध्ये बघून वेळ सांगायचे. जणू काही उद्याच निघायचंय. हे ऐकणं मला सोसत नव्हतं.

यंदाचा पौष लागला. फारूखभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘बन्सीभाई, अपन जाते. मैं देखता और तुमको बोलते जाता. लाट कशी येते, खडक कसा हाय, सगळं सांगतो.’’

भाऊंनी ग्लासातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, ‘‘ल्हानपणी का व्हयना, तुम्ही एकदा पाह्यलाय. डोळे मिटले तर तुम्हाला आठवंल. मी कशावरून समजू? मी तर कधी पाह्यलाच नाय.’’

फारूखभाई उठून बाहेर गेले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. भाऊंनी हात पुढं केला, चाचपडत माझा पाय धरला आणि तसेच बसून राहिले. त्या दिवसापासून ओहोटीची वेळ कुणी विचारली नाही.

उद्या हर्सूलकडं एक निकाह आहे. माझ्या डोक्यावर दिवा बसवून मला कोपऱ्यात उभं करतील, म्हणजे नवरानवरीवर उजेड नीट पडेल. हल्ली हेच माझं काम. कॅमेरासुद्धा माझ्यावर बसत नाही.

तुम्ही कधी त्या काळ्या खडकांवर जाल. जरूर जा. पण निघण्यापूर्वी आठवून बघा, ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं तुम्ही कुणाला सांगून ठेवलंय. त्याच्या दारात गाडी लावा. तो नाही म्हणेल, कारणं देईल, थांबू म्हणेल. त्याच्याशी भांडा, वाटेल ते अभद्र बोला, पण त्याला घेतल्याशिवाय निघू नका. आमच्याकडं फारूखभाईंनी तेवढंच केलं नाही, आणि बन्सीभाऊंचा समुद्र आता कुठल्याच पौषात येणार नाही.