भोंगा झाल्याशिवाय

आमच्या नगरपालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझी घरपट्टी वाढेल. कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर आहे, एवढं पुरे.

नव्याण्णव साली जकात बंद झाली आणि तिजोरीत खडखडाट झाला. नगराध्यक्ष हंबीररावांनी काटकसरीची यादी काढली. तिच्यात त्यांच्या जीपचं डिझेल नव्हतं, सभेतली भजी नव्हती. पहिलंच नाव केरबाचं.

केरबा म्हणजे भोंगेवाला. कचेरीच्या माडीवरचा भोंगा सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी साडेपाचला वाजवायचा. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. आज ना उद्या कायम होऊ, म्हातारपणी पेन्शन मिळेल, या आशेवर एक दिवस चुकला नाही. त्याला एक तारखेपासून कमी केल्याचा आदेश मी टाइप केला, कारण कारकून मी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"घराघरात घड्याळं हायत," हंबीरराव युनियनला म्हणाले. "भोंग्यावाचून कुणाचं अडतंय?"

युनियनच्या अध्यक्षा शालूबाई, सफाई खात्यातल्या मुकादम. एरवी त्यांचा आवाज बाजारपेठेपर्यंत जातो. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. काहीतरी शिजतंय हे मी तेव्हाच ओळखलं. मग त्यांनी माझ्याकडून संस्थानी काळातलं नियमांचं पुस्तक वाचून घेतलं. ते रद्द करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

एक तारखेला साडेपाच वाजले. भोंगा नाही. कुणी उठलं नाही. साडेसहा झाले तरी सत्तर माणसं जागेवर. हंबीरराव केबिनबाहेर आले.

"घरदार न्हाय व्हय रं तुमास्नी?"

"हाय की," शालूबाई म्हणाल्या. "पर नियम सत्तावीस हाय. वाच रं."

मी वाचलं, जरा मोठ्यानंच. "नेमलेल्या भोंगेवाल्याचा सायंकाळचा भोंगा झाल्याशिवाय कोणत्याही नोकराने कामाची जागा सोडू नये."

"म्हंजे ड्यूटी चालू हाय, साहेब. दुप्पट दरानं ओव्हरटाइम. सकाळपतोर बसू, डबं मागवल्यात."

हंबीररावांनी तणतणत जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. तो बाकावरून हलला नाही. "भोंगा न्हाय झाला, साहेब."

केरबा बाहेर पायरीवर बसला होता. कामावरून काढलं तरी सवयीनं साडेपाचला आलाच होता.

"केरबा, वाजव रं बाबा एकदा!"

"मी कसा वाजवू, साहेब? मी आता पालिकेचा कुणीबी न्हाय."

तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

"आदेश काढ रं ह्याचा!" हंबीरराव माझ्यावर ओरडले.

मी टाइपरायटर ओढला आणि 'नेमणूक' या शब्दाआधी एक शब्द वाढवला: 'कायम'. हंबीररावांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, मग सत्तर जणांकडं पाहिलं आणि सही ठोकली. युनियननं ओव्हरटाइम सोडला. पुढच्या सभेत रीतसर ठराव झाला, पण भजी आली नाहीत.

केरबा कागद खिशात घालून माडीवर गेला. भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. लांब भोंगा म्हणजे आग. घंटा वाजवत आगीचा बंब दारात आला, अर्धा गाव गोळा झाला.

शालूबाई धावत वर गेल्या, मागून मी. केरबा एका हातानं बटण दाबून होता, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होता.

"केरबा, बास की आता!"

"बोट सुटंना, बाई," तो म्हणाला.