तपासनीसबाई खाटेवर

तपासनीसबाई वृद्धाश्रमात पोचल्या तेव्हा फरशी इतकी चकाचक होती की चपला हातात घेऊन चालावं असं त्यांना वाटलं. खिडक्या लख्ख, चादरी ताणून बसवलेल्या आणि सगळे आजी-आजोबा भिंतीशी ओळीने मांडलेले, जणू आता फोटोच काढायचाय.

"बघा मॅडम, बोट ठेवायला जागा नाही!" व्यवस्थापक पुढे पुढे करत म्हणाले.

खरंच नव्हती. औषधं जागच्या जागी, संडासात धरायला दांड्या, स्वयंपाकघरात माशी नाही. तरी बाईंना चैन पडेना. एवढी माणसं बसलेली आणि कुणाचं हूं नाही की चूं नाही. कसं चाललंय विचारलं की प्रत्येकाचं एकच, "छान."

"मला एक खाट द्या," बाई म्हणाल्या.

"चक्कर येतेय का?"

"नाही हो. जेवणापर्यंत मी इथलीच म्हातारी. पाय चालत नाहीत समजा. बाकीच्यांना ठेवता तसंच मला ठेवा."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला, पण तपासणीला आलेल्या बाईंना नाही कोण म्हणणार?

शेजारच्या खाटेवर फौजदारआजी होत्या. पोलिसांशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांनी कधीकाळी त्यांचे गणवेश शिवले होते. बाकी नाव मिळालं ते आवाजामुळे. थोड्या वेळाने बाईंना तहान लागली. घंटेचं बटण डोक्यामागे भिंतीवर. हात काही केल्या पोचेना.

"ते शोभेचं आहे," फौजदारआजी म्हणाल्या. "हाक मारलीत तर नुसतं 'आले, आले' ऐकू येईल. ग्लास पाडा. काय सांडलं म्हणून धावतात सगळे."

बाईंनी स्टीलचा रिकामा ग्लास ढकलला. खणणण! दोन सेविका पळत आल्या. "पाणी हवं होतं," बाई ओशाळून म्हणाल्या.

मग जेवण. बाईंना चाकांच्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी न सांगता मागून ती ढकलली आणि बाईंचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी घशात आला. भरवणाऱ्या मावशी स्वभावाने गरीब, पण आठ जणांना एकट्या भरवणार. पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा ओठांशी हजर. बाईंचे दोन्ही गाल टम्म फुगले. थांबा म्हणायलाही तोंड रिकामं नाही!

फौजदारआजी हसत सुटल्या. त्यांचं बघून अख्खी पंगत खिदळायला लागली, आणि मग बांधच फुटला.

"मला चहा रोज गार मिळतो!"

"मला साखरझोपेतून उठवून आंघोळ घालतात!"

"माझी कवळी भलत्याच्या वाटीत जाते!"

बाईंनी कसाबसा घास गिळला आणि त्या खुर्चीतून उठल्या. "आता तुम्ही बसा," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या.

खुर्ची झटक्यात पुढे गेली तशी व्यवस्थापकांनी "अगं आई गं!" केलं. तिसऱ्या चमच्याला त्यांनी हात जोडले. माणूस वाईट नव्हता. "माझ्या आईला कुणी असं भरवलं असतं तर मी भांडलो असतो," ते हळूच म्हणाले. "मी आपला फरशीच्याच मागे लागलो होतो."

"मग जेवणाच्या वेळी फरशी पुसणाऱ्यांनाही भरवायच्या कामाला लावा. आणि घंटेला लांब वायर लावा, उशाशी येईल अशी. खुर्ची हलवायच्या आधी समोर येऊन सांगायचं. आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाने एक सकाळ खाटेवर काढायची."

काही महिन्यांनी बाई न कळवता गेल्या. दारातच चहाचा एक ओघळ वाळलेला. आत पत्त्यांचा डाव रंगलेला. दोन आजोबा चिडीवरून हमरीतुमरीवर आलेले आणि मावशी एका आजींना गप्पा मारत, सावकाश भरवत होत्या. बाईंना कुणी बसा म्हणेना.

"बाई, उजेड अडतोय, सरका जरा," फौजदारआजी पानांतून डोकं न काढता म्हणाल्या.

बाई सरकल्या, एक खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "पुढच्या डावात मलाही वाटा."