मागे उभे राहिलेले बाबा

मित्रांनो, मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. मी माणसांचे चेहरे टिपणारी एक जुनी लेन्स आहे. कारखान्यात माझ्या काचा घासून गुळगुळीत केल्या आणि पोटात पातळ पाती बसवली. ती उघडली की प्रकाश भरभरून आत येतो, मिटत आणली की जेमतेम झिरपतो.

माझी मालकीण फोटोग्राफर होती. पाती सताड उघडून अगदी जवळून फोटो काढायची तिला भारी हौस. डोळे लख्ख येत आणि मागचं सारं विरघळून जाई. लोक वाहवा करत.

एका दुपारी एक शिंपी मुलीला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. चेहरा बदलणार, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मुलगी खुर्चीत बसली, बाबा मागे उभे राहिले. मालकिणीने सवयीप्रमाणे फोटो काढला.

संध्याकाळी मुलगी फोटो न्यायला आली आणि तिचा चेहराच उतरला.

"ताई, यात बाबा कुठे आहेत?"

तिची पापणी न् पापणी दिसत होती. बाबांच्या तोंडावर मात्र नुसतं धुकं!

बाबा तोवर हॉस्पिटलात दाखल झाले होते. मालकिणीने मला पिशवीत टाकलं आणि ती न् मुलगी धावतच तिथे पोहोचल्या. खिडकीतला उजेड भराभर ओसरत होता. माझा जीव टांगणीला लागला. मालकिणीने बापलेकीला शेजारी शेजारी बसवलं, म्हणजे दोघंही माझ्यापासून सारख्याच अंतरावर आली. ती स्वतः दारापर्यंत मागे सरकली आणि माझी पाती थोडी मिटली. आता दोघंही स्पष्ट येणार होती. पण उजेड कमी, म्हणून फोटोला वेळ लागणार होता.

"अजिबात हलू नका. श्वास रोखा."

"उद्या भूल देणारच आहेत. सराव आजपासूनच का?" शिंपी म्हणाला.

मुलगी खुदकन हसली. फोटो हलला. पुन्हा काढला, तोही हलला. मी आतून तळमळत होते. शेवटी त्याने भिंतीला डोकं टेकलं, मुलीने त्याच्या डोक्याला आपलं. खटकन आवाज झाला. जबड्यावरचा तीळसुद्धा आला!

ऑपरेशन नीट पार पडलं, पण तोंड वाकडं झालं. कितीतरी दिवस शिंप्याने दुकान उघडलं नाही. मग मुलीनेच ते उघडलं आणि फोटो भिंतीवर लावला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोण?"

"मीच," शिंपी अडखळत म्हणाला, "जुन्या मापाचा."

पुढे नवे कॅमेरे आले. ओलीत पडून माझ्या काचेवर बुरशी चढली. मित्रांनो, काचेला ओलीपासून जपा. आणि फोटो काढताना मागे कोण उभं आहे, तेही बघा. त्याच्यासाठी दोन पावलं मागे सरकावं लागलं, तर खुशाल सरका.